मिस्सेत गाणे की मिस्सा गाणे? ग्रेगोरियन गायनाची पुन्हा उजळणी

रविवार, ११ मे २०२५. नवनिर्वाचित पोप लिओ चौदावे दुपारी रोममधील सेंट पीटर्स महामंदिराच्या मध्यवर्ती सज्जात उभे राहिले. निवड होऊन अवघे तीन दिवस झाले होते. ईस्टरनंतरच्या काळात दर रविवारी मध्यान्ही पोप पवित्र मरियेची ‘रेजिना चेली’ ही लॅटिन प्रार्थना भाविकांबरोबर करतात. ती सहसा म्हटली जाते. लिओ यांनी ती गायली. साथीला वाद्य नव्हते, ताल नव्हता. चार ओळींची साधी चाल होती आणि चौकातील अनेकांनी त्यांच्या सुरात सूर मिसळला. त्यानंतर रोममधील पोंटिफिकल पवित्र संगीत संस्थेने अशा साध्या चाली सर्वसामान्यांना शिकवणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफिती इंटरनेटवर उपलब्ध करून दिल्या.

ही चाल ज्या परंपरेतील आहे तिला ‘ग्रेगोरियन गायन’ म्हणतात. रोमन उपासनेचे हे स्वतःचे संगीत आहे आणि इतर बाबी समान असतील तर उपासनेत त्याला अग्रस्थान मिळावे, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लिहून ठेवले. तरीही त्यानंतरच्या साठ वर्षांत जगभरातील बहुतेक धर्मग्रामांतून, म्हणजे स्थानिक चर्चच्या नित्य उपासनेतून, ते जवळजवळ नाहीसे झाले. कागदावर अग्रस्थान आणि प्रत्यक्षात शांतता, ही विसंगती कशी निर्माण झाली आणि हे गायन आता पुन्हा कसे शिकले जात आहे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ग्रेगोरियन गायन एकपदरी असते. गाणारे दोन असोत वा दोनशे, सर्वजण एकच चाल गातात. पाश्चात्त्य संगीतातील स्वरसंवादाची, म्हणजे हार्मनीची, रचना त्यात नसते. शब्द लॅटिन, बहुतांशी बायबलमधील स्तोत्रांचे. लय बोलण्याची, आवर्तनाची नव्हे. चालींचे वर्गीकरण आठ ‘मोड’मध्ये केले जाते. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या कानाला हे मोड फारसे परके वाटत नाहीत: पहिल्या मोडची स्वरपंक्ती काफी थाटाच्या जवळची, तिसऱ्याची भैरवीच्या, सातव्याची खमाजच्या. साम्य मात्र येथेच थांबते. येथे आलाप नाही, उपज नाही. कोणत्या अक्षरावर कोणता स्वर हे ठरलेले आहे. काही चालींत एका अक्षराला एक स्वर असतो, तर ‘आलेलुया’च्या शेवटच्या अक्षरावर कधी कधी तीस-चाळीस स्वरांची लांब लड उलगडते. पहिला प्रकार सर्वांना गाता येतो; दुसऱ्यासाठी तयारीचा गळा लागतो. धर्मग्रामातील सारा प्रश्न या फरकाभोवती फिरतो.

नाव पोप ग्रेगरी पहिले यांचे. त्यांची कारकीर्द ५९० ते ६०४ या काळातली. खांद्यावर बसलेले कबुतर, म्हणजेच पवित्र आत्मा, त्यांच्या कानात चाली सांगत आहे, अशी चित्रे मध्ययुगात लोकप्रिय होती. इतिहास थोडा वेगळा आहे. आज ज्याला ग्रेगोरियन म्हणतात ते गायन प्रामुख्याने आठव्या-नवव्या शतकांत, पेपिन आणि शार्लमेन या फ्रँक राजांच्या प्रदेशात, रोमहून आलेल्या चाली आणि स्थानिक गायनपद्धती यांच्या मिश्रणातून घडले. सर्वत्र एकच उपासना हवी असलेल्या राज्यकर्त्यांना त्यासाठी एका थोर पोपचे नाव सोयीचे ठरले.

आरंभी सारे मुखोद्गत होते. नवव्या-दहाव्या शतकांतील हस्तलिखितांत शब्दांच्या वर ‘न्यूम’ नावाच्या बारीक खुणा दिसतात. त्या चाल वर जाते की खाली एवढेच सुचवतात, नेमका स्वर सांगत नाहीत. ज्याला चाल आधीच पाठ आहे, त्याच्यासाठीच त्या होत्या. अकराव्या शतकात आरेझ्झोच्या ग्विदो या मठवासी शिक्षकाने रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रुजवली. योहान बाप्तिस्ता यांच्यावरील एका लॅटिन स्तोत्राचा प्रत्येक चरणखंड आधीच्यापेक्षा एका स्वराने वर सुरू होतो. त्या खंडांच्या आद्याक्षरांतून त्याने ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ ही स्वरनामे घेतली. पुढे ‘उत’चा ‘डो’ झाला. दहा वर्षे लागणारे गायनशिक्षण आपल्या पद्धतीने एक-दोन वर्षांवर येते, असा ग्विदोचा दावा होता. युरोपीय स्वरलेखनाचा पाया असा चर्चमधील मुलांना लवकर गाता यावे या खटपटीतून घातला गेला.

पुढील शतकांत बहुस्वरी संगीत बहरले आणि जुन्या एकपदरी चाली मागे पडल्या. रोममध्ये १६१४-१५ मध्ये छापल्या गेलेल्या ‘मेडिची’ आवृत्तीने तर त्या काळाच्या अभिरुचीप्रमाणे लांब स्वरलडी छाटून टाकल्या. एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक ठिकाणी हे गायन म्हणजे एकसारख्या वजनाचे जड स्वर ओढत नेणे, एवढेच उरले होते.

येथे सोलेम या फ्रान्समधील लहानशा गावाचा प्रवेश होतो. फ्रेंच राज्यक्रांतीत बंद पडलेला सार्त नदीकाठचा तेथील मठ प्रॉस्पर गेरांजे या तरुण धर्मगुरूने १८३३ मध्ये पुन्हा सुरू केला. बेनेडिक्टाईन मठाचा दिवस गायलेल्या प्रार्थनांनीच बांधलेला असतो. मग गायचे काय, हा प्रश्न आलाच. गेरांजे यांचे उत्तर सोपे होते: दूरदूरच्या हस्तलिखितांत एखादी चाल सारखी आढळली, तर ती मूळ चाल समजावी. त्यांच्या शिष्यांनी, आधी पॉल जोसियों व जोसेफ पोतिए यांनी आणि नंतर आंद्रे मोकरो यांनी, ग्रंथालयांतून जुन्या पोथ्यांच्या नकला करण्यास आरंभ केला. नशिबाने एक किल्लीही सापडली होती. फ्रान्समधील मोंपेलिए येथे १८४७ मध्ये एक अकराव्या शतकातील पोथी उजेडात आली, जिच्यात न्यूम आणि स्वरांची अक्षरे दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेली होती.

१८८९ पासून मोकरो यांनी पोथ्यांची छायाचित्रे छापण्यास सुरुवात केली. त्या मालेच्या दोन खंडांत त्यांनी एकच गीत दोनशेहून अधिक हस्तलिखितांतून घेऊन एकापुढे एक मांडले. शतके वेगळी, प्रदेश वेगळे, लिपिकार वेगळे; चाल मात्र ओळखू यावी इतकी सारखी. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील प्रकाशकाकडे त्या वेळी मेडिची आवृत्तीवर आधारलेली पुस्तके छापण्याचा तीस वर्षांचा अधिकृत हक्क होता, आणि त्या पुस्तकांविरुद्ध यापेक्षा समर्थ युक्तिवाद दुसरा नव्हता. यानंतर थोड्याच काळाने विष्णू नारायण भातखंडे घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा करून स्वरलिपीत बांधत होते, हे मराठी वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्हीकडे मुखपरंपरा कागदावर आली, आणि दोन्हीकडे कागदावरचे प्रमाण मानावे की गळ्यातले, हा वादही मागोमाग आला.

१९०३ मध्ये पोप झालेले पायस दहावे यांनी ऐन उमेदीची वर्षे ग्रामीण धर्मग्रामांत काढली होती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, त्यांनी चर्च संगीताविषयी आज्ञापत्र काढले. ऑपेराच्या धर्तीच्या गायनाला त्यात मज्जाव होता आणि ग्रेगोरियन गायन लोकांच्या मुखी परत यावे, जेणेकरून ते उपासनेत सक्रिय भाग घेतील, असा आग्रह होता. ‘सक्रिय सहभाग’ हा शब्दप्रयोग पुढे साठ वर्षांनी व्हॅटिकन परिषदेचे ब्रीद बनला. आज जे त्याच शब्दांच्या आधारे ग्रेगोरियन गायनाला विरोध करतात त्यांना त्याचा हा उगम क्वचितच ठाऊक असतो. सोलेमच्या संशोधनावर आधारलेली व्हॅटिकनची अधिकृत आवृत्ती १९०५ ते १९०८ या काळात टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली.

याच आज्ञापत्राने चर्चमधील गायकाला उपासनेतील पदाधिकारी मानून स्त्रियांना गायनवृंदातून वगळले होते. गंमत अशी की पुढील काही दशकांत हे गायन सर्वाधिक मुलांपर्यंत पोहोचवण्यात एका स्त्रीचा वाटा मोठा होता. अमेरिकेतील जस्टिन वॉर्ड यांनी शाळकरी मुलांसाठी स्वरांना एक ते सात असे आकडे देऊन, हाताच्या हालचालींच्या मदतीने शिकवण्याची पद्धत तयार केली. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये १९२० साली झालेल्या आंतरराष्ट्रीय ग्रेगोरियन संमेलनात हजारो मुलांनी हे गायन केले. ते अवघड आहे, पंडितांचे आहे, ही समजूत त्या मुलांनी खोटी ठरवली होती.

मग ते हरवले कसे? व्हॅटिकन परिषदेला दोष देण्याची सवय दोन्ही बाजूंना आहे, पण परिषदेचा मजकूर तेवढा सरळ नाही. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनापत्रात लोकभाषेला वाट मोकळी करून देण्यात आली. त्याच वेळी लोकांना मिस्सेतील त्यांच्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता वा गाता यावेत, तसेच लहान चर्चसाठी सोप्या चालींचे पुस्तक तयार व्हावे, असेही सांगितले गेले. बदल मात्र अपेक्षेपेक्षा फार वेगाने झाला. काही वर्षांतच मिस्सा जवळजवळ सर्वत्र लोकभाषेत होऊ लागली. लॅटिनमध्ये घडलेली चाल इंग्रजी वा जर्मन शब्दांवर जशीच्या तशी बसत नाही. नव्या भाषेतील चाली तयार नव्हत्या आणि रविवार तर दर आठवड्याला उगवतोच. ती पोकळी त्या काळच्या लोकगीतांच्या धर्तीवरील रचनांनी, अमेरिकेत विशेषतः गिटारच्या साथीने, भरून काढली. त्या गीतांनी अनेकांना श्रद्धेत धरून ठेवले, हेही मान्य करायला हवे.

पोप पॉल सहावे यांना ही गळती दिसत होती. १९७४ च्या ईस्टरला त्यांनी जगभरातील बिशपांना ‘युबिलाते देओ’ नावाची एक पुस्तिका भेट म्हणून पाठवली. प्रत्येक कॅथोलिक व्यक्तीला निदान एवढ्या चाली याव्यात, या हेतूने निवडलेल्या थोड्या सोप्या चालींचा तो संग्रह होता. तिचा अपेक्षित परिणाम झाला नाही. बहुतेक ठिकाणी ती कपाटातच राहिली.

१९९४ मध्ये स्पेनमधील सिलोस मठाच्या ध्वनिमुद्रणांचा संच पॉप संगीताच्या यादीत झळकला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्यातून या गायनाला श्रोते मिळाले, गायक फारसे मिळाले नाहीत. थकल्या मनाला शांतवणारा ध्वनी अशी त्याची नवी ओळख झाली, आणि उपासनेच्या दृष्टीने ती दिशाभूल करणारीच होती.

आजची पुन्हा उजळणी करणारे संगीतशिक्षक एका भेदावर बोट ठेवतात: मिस्सेत गाणे आणि मिस्सा गाणे. बहुतेक धर्मग्रामांत प्रवेश, अर्पण, ख्रिस्तप्रसाद आणि समाप्ती अशा चार ठिकाणी गीते गायली जातात. मिस्सेचे स्वतःचे शब्द, म्हणजे धर्मगुरूंचे अभिवादन, लोकांचे प्रत्युत्तर, प्रार्थना, बोलूनच उरकले जातात. ५ मार्च १९६७ च्या रोमच्या संगीतविषयक निर्देशपत्राने नेमका उलटा क्रम सांगितला होता. आधी धर्मगुरू आणि लोक यांच्यातील संवाद, ‘सांक्तुस’ हे स्तवन आणि प्रभूची प्रार्थना गावी. त्यानंतर दयायाचना, श्रद्धाकथन यांसारखे भाग. बाकीची गीते सर्वांत शेवटी. पहिली पायरी सोडून पुढच्या पायऱ्या गाऊ नयेत, इतके ते स्पष्ट होते. या क्रमाने पाहिले की ग्रेगोरियन गायनाची सुरुवात गायनवृंदापासून होत नाही. ती दोन-तीन स्वरांच्या एका ओळीपासून होते, जी धर्मगुरूंनी गायची आणि सर्वांनी उत्तर द्यायचे.

त्यामुळे पहिला अडथळाही धर्मगुरूंच्याच बाजूला येतो. इंग्रजी भाषेतील नव्या मिस्साग्रंथात २०११ पासून धर्मगुरूंच्या भागांचे स्वर जागच्या जागी छापलेले आहेत. पण गायला संकोचणारा धर्मगुरू ते वाचूनच पुढे जातो, आणि त्याने गायले नाही तर लोकांना उत्तर गाता येत नाही.

लोकांच्या शिक्षणाची रीत फारशी गुंतागुंतीची नाही, पण तिला चिकाटी लागते. मिस्सेपूर्वीची दहा मिनिटे, तीच चाल सलग काही रविवार. आधी शब्द नुसते मोठ्याने वाचायचे, लॅटिनचे उच्चार आणि अर्थ बसवायचे, मग एका स्वरावर म्हणायचे, मग चाल. चौकोनी स्वरचिन्हे चार रेषांवर लिहिलेली असतात. डावीकडची किल्ली ‘डो’ कोणत्या रेषेवर आहे तेवढे दाखवते. हा ‘डो’ आपल्या षड्जासारखा गळ्याच्या सोयीने कोणत्याही उंचीवर धरता येतो. दोन चौकोन एकावर एक असतील तर खालचा स्वर आधी. ओळीच्या शेवटी एक बारीक अर्धे चिन्ह पुढच्या ओळीचा पहिला स्वर सुचवते. ही सोय आजच्या पाच रेषांच्या पद्धतीत राहिली नाही, याची हळहळ वाटावी इतकी ती उपयोगी आहे. एवढी तोंडओळख झाली की उरलेले काम कान करतात.

आरंभासाठी बहुधा ‘युबिलाते देओ’मधील चालीच निवडल्या जातात. त्यातील ‘सांक्तुस’ त्याआधी धर्मगुरू गातात त्या प्रार्थनेच्याच स्वरांतून उगवते. धर्मगुरूंनी आपला भाग गायला असेल तर लोकांना सूर शोधावा लागत नाही. प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस, सुरुवातीला सोयीचा असतो, कारण त्या काळात वाद्यांवर मर्यादा असते आणि साध्या चाली खटकत नाहीत. लोकांना सर्वाधिक आवडणारी ‘दे आंजेलिस’ ही मिस्सा मात्र मुळीच प्राचीन नाही. तिच्या बहुतेक चाली पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या, आणि तिच्या जोडीने गायले जाणारे श्रद्धाकथन सतराव्या शतकातले. त्या बिलावल थाटाच्या, म्हणजे आधुनिक कानाला सवयीच्या, स्वरांत आहेत म्हणून चटकन बसतात. शुद्धतावादी त्यावर नाके मुरडतात. पण ज्या चर्चमध्ये तीनशे लोक ती मोकळ्या आवाजात गातात, तेथे या आक्षेपाला फारसे वजन उरत नाही.

प्रत्येक रविवारच्या खास, लांब स्वरलडींच्या चाली लहान गायनवृंदाकडे राहतात. त्या कशा गाव्यात यावर तज्ज्ञांचे शतकभर वाद आहेत. मोकरो यांनी लयीच्या खुणा घालून एक पद्धत रूढ केली. त्याच मठातील यूजीन कार्दिन यांनी सर्वांत जुन्या न्यूमांच्या अभ्यासातून ती सैल केली. १९७९ साली निघालेल्या एका आवृत्तीत छापील चौकोनांच्या वर आणि खाली दहाव्या शतकाच्या आसपासचे न्यूम दोन रंगांत हाताने उतरवलेले आहेत. अभ्यासकाला ते पान म्हणजे मेजवानी आहे. नवख्या गायनवृंदाने मात्र त्यात न शिरलेलेच बरे. पुस्तकांचा खर्चही आता अडचण नाही. अमेरिकेतील चर्च म्युझिक असोसिएशनने हक्कमुक्त जुने ग्रंथ आणि धर्मग्रामांसाठी तयार केलेले सोपे संग्रह इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत.

मोठी अडचण वेगळीच आहे. हे गायन सुरू होताच त्यावर एका गटाचा शिक्का बसतो. परिषदेपूर्वीच्या लॅटिन मिस्सेला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये मोकळीक दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा आवळली. या ओढाताणीत लॅटिन चाल म्हणजे जुन्या मिस्सेची मागणी, असे समीकरण अनेकांच्या मनात पक्के झाले. वस्तुतः नव्या मिस्सेसाठी ग्रेगोरियन चालींचा अधिकृत ग्रंथ १९७४ मध्येच निघाला आहे आणि पोप फ्रान्सिस यांच्या काळातही सेंट पीटर्समध्ये त्या गायल्या जात होत्या. शंका घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र सहज उडवून लावता येत नाही. ज्या लोकांनी पन्नास वर्षे आपल्या भाषेत, आपल्या गीतांतून प्रार्थना केली, त्यांच्या तोंडची गीते एका रविवारी काढून घेतली आणि गायनवृंद समोर उत्तम लॅटिन गाऊ लागला, तर ते पुन्हा श्रोतेच होतात. पायस दहावे यांना जे नको होते, नेमके तेच. जेथे हा प्रयोग फसला तेथे बहुधा याच घाईने फसला आहे.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चशी जोडलेल्या शाळांतून ‘मेस्त’ मुलांना सोल्फेज, म्हणजे ग्विदोच्याच परंपरेतील स्वरनामांनी स्वरवाचन, आणि लॅटिन गायन शिकवीत. त्या शिक्षणावर तयार झालेले गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांचा कणा ठरले. चर्चमध्ये मात्र लॅटिनची जागा कोकणीने घेतली, आणि वसईच्या धर्मग्रामांत मराठी गीतांनी. येथे परिषदेच्या त्याच घटनापत्रातील आणखी एक कलम लागू पडते: ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे उपासनेत तिला योग्य स्थान द्यावे. त्यामुळे पेटी-तबल्यावरील मराठी स्तोत्र आणि लॅटिन ‘सांक्तुस’ या दोहोंनाही एकाच ग्रंथाचा आधार आहे. संवादाचे भाग गायचे की बोलायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही भाषेतल्या मिस्सेला लागू आहे. तो सोडवायला लॅटिनची गरज नाही.

‘रेजिना चेली’ फक्त पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवसापर्यंत गायली जाते. त्यानंतर आगमनकाळापर्यंतच्या महिन्यांसाठी परंपरेने ‘साल्वे रेजिना’ येते. तिची साधी चाल पाचव्या मोडमध्ये आहे, थोडी लांब आहे, आणि ती शिकायला गायनवृंदाला साधारण चार रविवार पुरतात.